चौकोनातली खूण

नोकरी सोडायची म्हणजे कारण लागतं, आणि ते चारचौघांना पटावं लागतं. बाईमाणसाला तर जरा जास्तच पटणारं लागतं. सासू अंथरुणाला खिळली, सुनेचं बाळंतपण आलं, नवऱ्याची बदली झाली, असली कारणं लगेच खपतात. रजनीजवळ त्यातलं एकही नव्हतं. सासू केव्हाच गेलेली. मुलगा मयूर अजून इंदूरला शिकत होता, तेव्हा सुनेचा पत्ताच नाही. आणि नवरा प्रभाकर एका खाजगी शाळेतून रिटायर होऊन घरी बसलेला. त्याची बदली झालीच तर खुर्चीवरून पलंगावर व्हायची. रजनीजवळ होता तो नुसता थकवा. आता थकवा कुणाला नसतो? तो सांगून कुणी कुणाला घरी सोडतं होय?

हा थकवाही काही एक झोप काढली की गेला अशातला नव्हता. सकाळी ती डोळे उघडायच्या आधीच तो उठून बसलेला असायचा. पोळ्या लाटायच्या, डबा भरायचा, लालबागहून ऑटोत अंग चोरून बसायचं, शनवारा चौकात उतरायचं, आणि मग दिवसभर केळी. बुऱ्हाणपुरात राहून गेल्या कित्येक वर्षांत तिनं केळीची बाग धड डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण आज कोणत्या बागेत माल कापतायत हे तिला घरातल्या डाळ-तांदळापेक्षा जास्त ठाऊक असायचं.

ऑफिस केळीच्या व्यापाऱ्याचं. शालिग्रामशेठनं उभं केलेलं, आता त्यांचा मुलगा रोहित बघायचा. पहाटे मजुरांच्या टोळ्या बागांमध्ये उतरायच्या, घड कापायच्या, गाड्या भरायच्या, आणि गाड्या दिल्ली-पंजाबकडे निघायच्या. बागेतून मुकादम फोनवर वजन सांगणार आणि रजनी ते कॉम्प्युटरवर चढवणार, असं काम. प्रत्येक गाडीचं पान वेगळं, आणि पडद्याच्या वरच्या कडेला त्या पानांचे टॅब ओळीनं लागलेले. मुकादम कुणी थांबायला तयार नसायचे. एकाचं अर्धं लिहून होतंय तोच दुसऱ्याचा फोन. त्यातला लोटू मुकादम तर दापोऱ्याच्या बागेतून "लिखो ताई" म्हणून जो सुरू व्हायचा तो श्वास घ्यायलाही थांबायचा नाही, आणि मध्येच त्याला जैनाबादच्या गाडीचं काहीतरी आठवायचं.

म्हणून रजनीनं आपली एक सोय करून घेतली होती. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबायचा, आकडे डाव्या हातानं टाकायचे, उजव्या हातानं माउसचा बाण वरच्या टॅबांच्या ओळीवर नेऊन ठेवायचा, आणि मधल्या बोटानं माउसचं चाक फिरवायचं. चाक जरासं खाली, की दापोऱ्याचं पान जाऊन जैनाबादचं पुढे. अजून जरासं, की शहापूरचं. उलटं फिरवलं की परत जैनाबाद. क्लिक करायचं कामच नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कधीतरी बाण चुकून वर राहिला, चाक फिरलं, नकळत पान बदललं आणि एका गाडीचं वजन दुसरीवर चढलं. शेठची बोलणी खावी लागली होती तेव्हा. बोलणी खाऊन झाल्यावर तिनं ती चूकच कामाला लावली.

तसं करणं भागही होतं, कारण उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट तिला दगा द्यायला लागलं होतं. वाकवलं की वाकलेलंच राहायचं. मग डाव्या हातानं ओढून सरळ करायचं, आणि सरळ होताना टक्कन अशी कळ जायची की कोपरापर्यंत जीव कळवळायचा. डॉक्टर म्हणाले, आतली दोरी सुजलीये, क्लिक करणं जेवढं कमी कराल तेवढं बरं. चाक होतं म्हणून ते कमी होतं. घरी कणीक मळतानाही ती ते बोट बाजूला ठेवूनच मळायची. प्रभाकरला काही कळलं नाही. त्याला पोळीत मीठ कमी पडलं तरच काही कळतं.

उन्हाळ्याच्या तोंडी रोहितनं ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आणलं. एकदम मख्खन चालेल काकू, म्हणाला. रजनीला तो लहानपणापासून काकू म्हणायचा, आणि चड्डीतला रोहित पाहिलेली रजनी आता त्याला भैया म्हणायची. नव्या सॉफ्टवेअरचे रंग झकास होते, अक्षरं बारीक होती आणि चाक मुकं होतं. बाण टॅबांवर नेऊन ते कितीही फिरवा, पान ढिम्म हलायचं नाही. प्रत्येक पानाला क्लिक. दापोरा क्लिक, जैनाबाद क्लिक, लोटूला काही आठवलं की परत दापोरा क्लिक. दिवसातून किती वेळा, ते मोजायला बसलं असतं तर वेड लागलं असतं. दोन दिवसांत बोट टम्म फुगलं. शेजारच्या टेबलावर हिमानी बसायची, नुकतंच कॉलेज संपवून लागलेली. ती दोन्ही हातांनी कीबोर्ड बडवणारी. तिला नव्याचा काही त्रासच वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन जरा शांत होते तेव्हा रजनीनं सेटिंगचं पान उघडलं. बघू तर खरं, म्हणून. आणि ते तिथेच होतं, पहिल्याच पानावर. चाकानं टॅब बदलायचे का, असं लिहिलेलं आणि त्याच्यापुढे एक रिकामा चौकोन. चौकोनात एक क्लिक केलं की बरोबरची खूण येणार, आणि चाक पहिल्यासारखं चालू होणार.

बाण त्या चौकोनापर्यंत गेला. खरं तर तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. चाक चालू झालं म्हणजे बोट निभावणार, बोट निभावलं म्हणजे तीही उद्या येणार, परवा येणार, मयूरचं शिक्षण होईपर्यंत येणार, मग त्याचं लग्न, मग लग्नाच्या मागचं निस्तरणं, अरे देवा, ह्याला काही अंत आहे का? आणि इकडे हे बोट. सुजलेलं, लाल, कुणालाही डोळ्यांनी दिसणारं, वर डॉक्टरनं ज्याला नाव दिलंय असं. असलं चोख कारण तिच्या हातात जन्मात कधी आलं नव्हतं.

तिनं चौकोन रिकामाच ठेवला आणि सेटिंगचं पान बंद केलं.

त्यानंतर तिनं वेगळं काही केलं नाही. क्लिक करत राहिली. कुणी म्हणेल, बाई येडी झाली, उगाच स्वतःचं बोट मोडून घेतंय का कुणी. म्हणणाऱ्यानं खुशाल म्हणावं, पण आधी चार दिवस तिच्या खुर्चीत बसून, तिच्या पोळ्या लाटून मग म्हणावं. रजनीला स्वतःची लाज वाटत होती, नाही असं नाही. बोट दुखलं की लाज कमी व्हायची. मग ती अजून एक क्लिक करायची.

एक दिवस व्हायचं ते झालं. भर कामात बोट माउसवर वाकलं ते वाकलं, सरळच होईना. कानात लोटू वजनं ओकतोय, आणि रजनी दात आवळून डाव्या हातानं उजव्याचं बोट ओढतेय, हे रोहितनं आपल्या केबिनच्या काचेतून पाहिलं. पोरगा मनानं चांगला. धावत आला, फोन तिच्या कानावरून काढून हिमानीकडे दिला, थंड पाण्याची बाटली बोटाला लावली, स्वतःच्या गाडीनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, बोटाला पट्टा बांधला आणि हे काम असंच चालू ठेवलं तर ऑपरेशन करावं लागेल म्हणून सुनावलं. परत येताना रजनीनं गाडीतच सांगून टाकलं, की भैया, एवढा महिना करते, मग दुसरं कुणी बघा. रोहितला वाईट वाटलं, पण त्यानं मान डोलावली. बोटापुढे तो तरी काय बोलणार?

घरी प्रभाकरनं तर कमालच केली. आधी शरीर, मग नोकरी, असं त्यानं शाळेतल्या आवाजात जाहीर केलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगून आला की मीच तिला सोडायला लावली. रजनीनं त्याला ते श्रेय घेऊ दिलं. तिला श्रेय नको होतं, दुपार हवी होती. कूलरसमोर चटई टाकून आडवं व्हायचं, डोळा लागला तर लागला, नाही लागला तर छताकडे बघत पडायचं, आणि कुणी ताई म्हणून हाक मारायची नाही, एवढंच तिनं मनात ठरवून ठेवलं होतं. दापोऱ्याची बहीण सुमन कधीची बोलवत होती, तिच्याकडेही जायचं होतं. पण आधी झोप.

महिन्याचे राहिलेले दिवस हिमानीच तिच्या वाटचं क्लिक करायची. रजनीनं फोनवरचं ऐकून सांगायचं, हिमानीनं चढवायचं. बोटाला आराम पडला आणि ते हळूहळू बरं व्हायला लागलं. हेही रजनीनं कुणाला सांगितलं नाही. पट्टा मात्र रोज नेमानं बांधून यायची.

आणि शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, हिमानीनं तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. चेहरा असा फुललेला, की लग्न ठरलं की काय असं वाटावं. काकूंना एका बोटापायी नोकरी सोडावी लागतेय हे त्या पोरीच्या मनाला लागून राहिलं होतं. जेवायच्या सुट्टीत ती स्वतःच्या मोबाईलवरून सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागली होती, आणि शेवटी त्यांच्यातल्या एकानं तिला तो चौकोन दाखवला होता. तिनं रजनीला खुर्चीत बसवलं.

"काकू, बाण वरती न्या," हिमानी म्हणाली. "अब फिरवा."

रजनीनं मधलं बोट चाकावर ठेवलं आणि फिरवलं. दापोरा गेलं, जैनाबाद आलं. अजून फिरवलं, शहापूर आलं.

हिमानीनं टाळी वाजवली. मग म्हणाली, पहिल्याच पानावर तर होतं हे, आपलं कुणाचंच लक्ष कसं नाही गेलं? रजनीला वाटलं आपल्या कपाळावर लिहिलेलं असणार, पण पोरगी कपाळ वाचणारी नव्हती. ती इतकी खूश होती की रजनीला तिचा राग आला, आणि मग त्या रागाचीच शरम वाटली. तेवढ्यात रोहित बाहेर आला. त्यानंही चाक फिरवून बघितलं, हिमानीची पाठ थोपटली, आणि आता सोडायचा विषयच मिटला काकू, असं म्हणून तिच्यासमोरच प्रभाकरला फोन लावला. रजनी म्हणाली, छान झालं. दुसरं काय म्हणणार होती? उरलेली दुपार तिनं पुन्हा चाक फिरवत काढली, आणि खरं सांगायचं तर बोट एकदाही दुखलं नाही.

संध्याकाळी घरी पोचली तर प्रभाकर दारातच उभा. आत टेबलावर मावा जिलेबीचा डबा. ज्या शेजाऱ्यांना आधी शरीर म्हणून सांगितलं होतं, त्यांनाच तो नोकरी राहिल्याचंही सांगून आला होता. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, पंखा वाढवला, जिलेबी बशीत काढून दिली. माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं.

रजनीनं जिलेबीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि तो गिळता गिळता तिचे डोळे भरून आले. प्रभाकर घाबरला. बोट दुखतंय का, डॉक्टरकडे जायचं का, विचारायला लागला. तिनं पट्टा सोडला, बोट त्याच्यापुढे धरून वाकवलं आणि सरळ केलं. ते कुठेही अडकलं नाही.

"बोट बरंय," ती म्हणाली. "तो चौकोन मी आधीच पाहिला होता. मुद्दाम खूण केली नाही."

प्रभाकरला कसला चौकोन ते कळेना. मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. चाक कसं बंद पडलं, सेटिंग कसं सापडलं, बाण तिथवर नेऊन कसा परत आणला, आणि नंतर दुखत असताना ती कशी क्लिक करत राहिली. सांगताना रडली नाही, आवाजही चढवला नाही. तेवढं तिच्यात उरलंच नव्हतं. प्रभाकर मध्ये एक शब्द न बोलता ऐकत होता, आणि हे त्याच्या बाबतीत नवलच म्हणायचं.

"इतकं होतं तर मला सांगायचं ना," तो शेवटी म्हणाला.

"काय सांगायचं? थकले म्हणून? तुम्ही काय म्हणाला असता?"

प्रभाकरनं खरंच विचार केला. "चहा घे म्हणालो असतो."

मयूरचं अजून वर्ष राहिलंय, हे प्रभाकरच्या तोंडातून बाहेर पडलं नाही, पण चेहऱ्यावर आलं आणि रजनीला दिसलं. तिलाही ते माहीतच होतं. तो उठला, खिडकीपर्यंत जाऊन आला आणि म्हणाला की गल्लीतली दोन-तीन पोरं गणिताला विचारत होती, शिकवणी सुरू करतो. एवढं बोलून त्यानं मोबाईल उचलला आणि तिला काही न विचारता रोहितला फोन लावला. अरे, ऑफिसातून आली तशी हिचं बोट पुन्हा सुजलंय, खूपच सुजलंय, काही उपयोग नाही बघ त्या चाकाचा, असं सांगायला लागला. सगळ्या नोकरीत ज्यानं कधी आजारपणाची खोटी रजा टाकली नाही, तो माणूस बायकोसाठी खोटं बोलत होता, आणि बोलताना त्याचे कान लालबुंद झाले होते.

रजनीला भरून आलं. खोटं निभावलंही असतं, सगळ्यांचीच सोय झाली असती. पण पलीकडून रोहितचा आवाज येत होता, की काका, माझ्या ओळखीचे जळगावला हाडांचे मोठे डॉक्टर आहेत, उद्याच दाखवू. तिला पुढचं सगळं दिसलं. तो डॉक्टर दाखवणार, हिमानी डाव्या हाताचा माउस शोधून आणणार. बोट दुखतं म्हटलं की कुणीतरी चांगलं माणूस त्याच्यावर इलाज घेऊन येणार, आणि इलाज झाला की तिला कामावर जावं लागणार. तिनं हात पुढे केला. प्रभाकरनं मोबाईल दिला.

"भैया, बोट बरंय माझं," ती म्हणाली. "मी थकलेय. म्हणून सोडतेय."

रोहित अगदी समजुतीनं म्हणाला, की बरोबर आहे काकू, उन्हाळा किती कडक आहे, सीझन पण आहे, होतं असं. उद्या येऊ नका, परवा तर रविवारच आहे. दोन दिवस मस्त आराम करा आणि सोमवारी फ्रेश होऊन या.

"सोमवारीही थकलेलीच असेन मी," रजनी म्हणाली. "येणार नाही."

तिनं मोबाईल प्रभाकरला परत दिला. त्यानं फोन बंद केला, खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसला.